दीड सूत

जाड जोडी

माझी तार

आठवी तार सैल झाली आणि मेंडोलिनची घोडी टपकन माझ्या मांडीवर पडली.

मी आधी मागे वळून पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. मग घोडीकडे पाहिलं. चार बोटं लांबीची शिसवी पट्टी, खाली दोन बारके पाय. आठही तारा हिच्याच पाठीवरून जातात. वाद्यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा हाच असणार, हे मला कुणी न सांगता कळलं. बिनमहत्त्वाचा तुकडा माझ्या हातून कधी पडलेलाच नाही.

‘तारांना हात लावू नकोस,’ असं दाजी जाताना तीनदा बजावून गेले होते.

दाजी म्हणजे दिगंबर सुतार, माझ्या शेवंताक्काचे यजमान. गडहिंग्लजच्या खरेदी-विक्री संघात कारकून आणि सुट्टीच्या दिवशी चौगुल्यांच्या ऑर्केस्ट्रात मेंडोलिन. सुताराच्या घरात जन्मून या माणसानं रंधा कधी हातात धरला नाही. आमचे अण्णा जिवंत असताना पाहुण्यांना सांगायचे, ‘आमचा जावई लाकडातनं नुसता आवाज काढतो.’

त्या मार्चमध्ये तो आवाजही बिघडला होता. मेंडोलिनच्या पोटाची कड एका बाजूनं सुटली होती. वाजवताना आत माशी अडकल्यासारखं गुणगुणायचं. एरवी दाजींनी महिनाभर चालवून घेतलं असतं. पण रविवारी त्यांची परीक्षा होती.

चौगुले मालकांनी मुंबईहून कीबोर्ड आणला होता. त्याला बटणं. सदतीस नंबरचं बटण दाबलं की मेंडोलिन वाजतं. कीबोर्ड वाजवायला अशपाक मुल्ला नावाचा पोरगेला गडी निपाणीहून यायचा होता. ऑर्केस्ट्राच्या गाडीत सीटा दहा, अशपाक धरून माणसं अकरा. म्हणून मालकांनी ठरवलं की रविवारी सकाळी दहाला, वाचनालयाच्या माडीवर, दोघांनी एकच चाल वाजवायची. ज्याचं मेंडोलिन कानाला बरं वाटेल तो गाडीत बसेल. दाजी सोळा वर्षं त्या गाडीत तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसत होते. ती जागा सोडून दुसऱ्या कशासाठीही मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

‘फक्त कड चिकटव,’ ते शुक्रवारी कामावर जाता जाता म्हणाले. वाद्य उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलं होतं. ‘तारांना हात लावू नकोस. उद्या मला संघातनं सुटका नाही, तेव्हा रविवारी सकाळी तुझ्या अक्काबरोबर थेट माडीवर पाठव.’

‘दाजी, मी चौकटी करतो, दारं करतो. खेळणं चिकटवायला काय लागतंय?’

‘खेळणं,’ ते म्हणाले. एवढंच. आणि सायकलवर बसले.

आता सुतारकीची एक गोष्ट. ताणाखाली असलेला सांधा चिकटवायचा नसतो. आधी ताण काढायचा. आठ तारा म्हणजे आठ जणांनी मान धरून ओढल्यासारखा ताण. मी तारा सैल केल्या, ते काम बरोबरच होतं. आजही कुणी विचारलं तर मी बरोबरच म्हणेन.

दाजींची तार

मेंडोलिनला तारा आठ, पण जोड्या चार. जोडीतल्या दोन्ही तारा एकाच सुरात लावायच्या असतात. जरा फरक राहिला की दोघींच्या मधे एक कापरा आवाज घुमायला लागतो.

ही गोष्टही तशीच आहे. एक तार माझी, मला आठवते ती. दुसरी दाजींची, ते सांगतात ती. छत्तीस वर्षं सांगतायत. बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर बाराव्यालाही सांगितली आणि सुतकातली माणसं हसली. मी दोन्ही शेजारी शेजारी बांधतो. कापरं ऐकू येईल. माझा इलाज नाही.

दाजी असं सांगतात:

‘मीच म्हणालो त्याला. दौलू, म्हटलं, तारा सगळ्या सोड. आणि घोडी निघाली की तिच्यायला चिकटवूनच टाक! आंबोलीच्या घाटात गाडी अशी वळली की घोडी अशी सरकायची. सोळा वर्षं ताप. म्हटलं एकदाचा निकाल लाव. वाजवणाऱ्यानं कधी घोडी चिकटवायला सांगितलेली ऐकलीय का कुणी? मी सांगितली!’


दुसरी जोडी

माझी तार

घोडी मी उलटीपालटी करून पाहिली. खाली सरस नाही. खिळा नाही, खुंटी नाही, खाच नाही. वाद्याच्या पोटावर फक्त एक फिकट खूण होती, तिथे घोडी उभी असायची.

घोडी नुसत्या तारांच्या दाबानं उभी असते, ती चिकटवतच नाहीत, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि लाकडाला लाकूड चिकटवल्याशिवाय, ठोकल्याशिवाय किंवा खाचेत बसवल्याशिवाय राहत नाही, एवढंच जाणत होतो. मी हिशेब केला. बनवणाऱ्यानं सरस लावला असणार. तो वाळून, किडून, भुगा होऊन गेला असणार. घोडी इतकी वर्षं नशिबावर उभी होती, आणि दाजींना त्याचा पत्ता नाही. रविवारी भर परीक्षेत ही निसटली असती तर?

मला दाजींची दया आली. खरंच आली.

मी खुणेवर अण्णांचा गुण्या ठेवला. गुण्या म्हणजे काटकोन बघायची पट्टी. अण्णांचा गुण्या शिसवीचा, पितळेच्या पात्याचा. आमच्या घरात देवाच्या आधी त्याला हळदकुंकू लागायचं. गुण्या ठेवला आणि मी हबकलोच. खूण तिरकी होती! जाड तारांकडून मागे, बारीक तारांकडून पुढे. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. ही चांगली अर्धं सूत वाकडी. शिवाय अख्खी घोडी पोटावरच्या नक्षीच्या रेघेला धरून नव्हती. कुणीतरी डोळे मिटून बसवली होती.

असलं काम माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देणं मला शक्य नव्हतं.

घोडी आता जिथे सरळ बसणार होती तिथलं रोगण मी पटाशीनं खरवडून काढलं, कारण रोगणावर सरस धरत नाही. सरस तापवला. दुकानभर तो जनावराच्या खुरांचा वास सुटला. आधी पोटाची सुटलेली कड चिकटवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गच्च गुंडाळली. तो सांधा एवढा सुरेख बसला की केस जाईल एवढीही फट दिसेना. मग घोडी. गुण्याला धरून मानेशी काटकोनात, नक्षीच्या रेघेवर बरोबर. सरळ करताना ती जुन्या जागेवरून दीड सूत पुढे आली.

दीड सूत म्हणजे काय? दाराला दीड सूत फट राहिली तर मालक बोलतो. पण खिडकी दीड सूत सरकली तर घरातल्या माणसाला आयुष्यभर कळत नाही.

शनिवारी मी तारा त्यांच्या क्रमानं परत बांधल्या, नुसत्या अडकवून, सैलच. अंगठ्यानं घोडी ढकलून पाहिली. भिंत. हातानं केलेल्या कामाचा एक आनंद असतो, तो झाला.

संध्याकाळी अक्का आली.

‘झालं का रे?’

‘झालं. तुझ्या नवऱ्याला सांग, सांगितलं त्याच्यापेक्षा जास्तच केलंय.’

‘जास्त?’ अक्का दारातच थांबली. ‘काय जास्त?’

‘बघतील ते. आश्चर्य वाटेल त्यांना.’

‘दौलू,’ ती म्हणाली, ‘लग्नात तू माझ्या पाटाला पाचवा पाय लावला होतास, डुगडुगू नये म्हणून. तेव्हाही हेच म्हणाला होतास.’

दाजींची तार

‘तर हा नाहीच म्हणायला लागला! हात जोडले यानं. दाजी, म्हणाला, घोडी चिकटवत नसतात, वाद्य बिघडेल. सुतार खरा! लाकडातलं त्याला कळतं. पण मी म्हणजे तेव्हा अडेल. म्हटलं, वाद्य कुणाचं? माझं. लाव सरस! बिचाऱ्यानं डोळ्यांत पाणी आणून लावला.’

मी हात जोडले नव्हते. हातात सरसाचा कुंचला होता.


तिसरी जोडी

माझी तार

रविवारी मी अक्काबरोबर माडीवर गेलो. मला माझं काम बघायचं होतं. शिवाय चौगुले मालक नवा बंगला बांधत होते आणि त्याची चौदा दारं मला मिळायच्या बेतात होती. नकाशाची गुंडाळी मी बरोबर घेतली होती. परीक्षा झाली की दाखवू म्हटलं. हत्यारांची पिशवी खांद्याला होतीच. ती मी देवळात जातानाही ठेवत नाही.

माडीवर वर्तमानपत्रांचे बाक बाजूला सारून जागा केली होती. रंगराव चौगुले मालक खुर्चीत, मांडीवर टॉवेल. तंबाखूची वखार त्यांची, पण गाणं हा खरा जीव. ढोलकीवाला, दोन गायक, बाकीचे वादक भिंतीला टेकून. मधे कीबोर्ड आणि त्याच्यामागे अशपाक, मिशी नुकतीच राखलेला, घामानं डबडबलेला. तो दाजींच्या पाया पडला.

‘मामा, माझा यात काही हात नाही.’

‘दोन्ही हात आहेत की,’ दाजी म्हणाले, ‘पट्ट्यांवर.’ हसले, पण अभ्र्याची गाठ त्यांनी सोडायच्या ऐवजी आणखी घट्ट ओढली.

आधी अशपाकनं वाजवलं. सदतीस नंबर. खरं सांगायचं तर छान वाटलं. ढोलकीवाल्यानंही मान डोलावली, मग दाजींकडे बघून थांबवली.

‘ऐकलंस?’ मालक म्हणाले. ‘सदतीसला मेंडोलिन, अडतीसला बासरी. आणि हे मशीन च्या मागत न्हाई. चल दिगंबर, तुझं होऊ दे.’

दाजींनी तारा लावल्या. मोकळ्या तारा छान लागल्या. कडेची गुणगुण साफ गेलेली. त्यांनी माझ्याकडे बघून भुवई उचलली, म्हणजे शाबास. माझी छाती फुगली.

मग त्यांनी चाल सुरू केली. पहिली ओळ मानेच्या वरच्या टोकाशी होती, ती ठीक गेली. दुसऱ्या ओळीला बोटं मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे पडदे, ओलांडत पोटाकडे सरकली, आणि मेंडोलिन रडायला लागलं. रडणं म्हणजे कसं? लग्नात जेवायला न मिळालेल्या व्याह्यासारखं, नाकातून. प्रत्येक सूर पाहिजे त्याच्या थोडा वर. ढोलकीवाल्यानं दाढ दुखल्यासारखा गाल धरला. एक गायक उठून खिडकीशी गेला.

दाजी थांबले. पुन्हा तारा लावल्या. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मग त्यांनी अगदी सवयीनं, नाकावरचा चष्मा सारावा तसा, घोडीला अंगठा लावून ती मागे सारली.

सरकली नाही.

दोन्ही अंगठे लावले. नाही. वाद्य मांडीवर आडवं घेऊन तळहातानं रेटलं. मी मागून अभिमानानं म्हणालो, ‘बैल जुंपा दाजी, हलायची न्हाई!’

एकेक वादक पुढे आला, वाकला आणि घोडीला बोट लावून बघून मागे सरला. अंत्यदर्शन घेतात तशी रांग. तबला वाजवणारे म्हातारे शेवटी आले. चष्मा पुसून त्यांनी बघितलं.

‘घोडी,’ ते म्हणाले, ‘चिकटवलीय.’

‘म्हंजे?’ मालकांनी विचारलं.

‘म्हणजे मालक, पेटीच्या पट्ट्या कुणीतरी खिळ्यांनी ठोकाव्यात, तसं. ही सरकवून सरकवून सूर जागेवर आणायचा असतो. ही हललीच पाहिजे.’

मला ते ऐकू आलं आणि कळलंही. पायाखालची फळी निघाल्यासारखं झालं. मांडीवरची नकाशाची गुंडाळी मी दोन्ही हातांनी धरली.

मालक खुर्चीतून उठले. ‘असलं काम कुणी केलं? कुठल्या गाढवानं? त्याला वखारीच्या दाराला हात लावू देणार न्हाई मी, नाव सांग मला!’

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. आत जीभ होती, ती टाळूला चिकटली होती.

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मांडीवरच्या गुंडाळीकडे पाहिलं. तिच्यावर मी निळ्या पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘चौगुले बंगला, दारे १४.’

‘मीच,’ दाजी म्हणाले.

‘काय मीच?’

‘मीच सांगितलं चिकटवायला. घाटात हलते म्हणून. दौलू नको म्हणत होता. मी ऐकलं नाही.’

क्षणभर कुणाला खरं वाटेना. सोळा वर्षं वाजवणारा माणूस. मग ढोलकीवाला फुटला. मग गायक. मग सगळी माडी. मालक तर टॉवेल तोंडात धरून हसत होते. ‘आरं डिंक्या!’ ते म्हणाले. ‘वाजवणारा हाईस का पतंग करणारा? डिंक्या लेका!’

त्या क्षणी दाजींचं नाव पडलं. पुढे गडहिंग्लजमध्ये त्यांना दिगंबर सुतार म्हणून हाक मारली तर ते स्वतःही वळून बघायचे नाहीत. संघात, बाजारात तेच नाव. अगदी लग्नपत्रिकेवर एकानं कंसात छापलं: डिंक्या मास्तर.

मी जमिनीकडे बघत होतो. अक्का माझ्याकडे बघत होती. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. पाचव्या पायाच्या वेळी तिनं असं पाहिलं नव्हतं.

‘दौलू,’ ती अगदी हळू म्हणाली, ‘पातळ पातं आहे का पिशवीत?’

‘आहे.’

‘मग ऊठ.’

सरसाला गरम वाफ मिळाली की तो सोडतो. मी जिना उतरून खालच्या हॉटेलातून किटली आणली. किटलीत पाणी नव्हतं, चहा होता, तोही आलं घातलेला. हॉटेलवाला म्हणाला, ‘उकळून द्यायला पाणी न्हाई, हा उकळतोय तो न्या.’ स्टोव्हही दिला. माडीवर वर्तमानपत्रांच्या शेजारी तो पेटला. वाचनालयाच्या नियमांची पाटी समोरच होती.

दाजींनी तारा सैल करून वाद्य मांडीवर धरलं. मी तोटीतली वाफ घोडीच्या पायाशी सोडायची, मग पात्याचं टोक हलकेच सारायचं. पुन्हा वाफ. माझा आयुष्यातला सगळ्यात सुरेख सांधा मी स्वतःच्या हातानं सोडवत होतो आणि तो सुटत नव्हता, इतका सुरेख होता. दहा-बारा माणसं भोवती कोंडाळं करून उभी, बाळंतिणीच्या दाराशी असतात तशी. कुणी म्हणतंय ‘सावकाश,’ कुणी ‘जोर लाव.’ मालक म्हणाले, ‘वास तर लई भारी सुटलाय, उरला तर सगळ्यांस्नी अर्धा अर्धा द्या.’

वीस मिनिटांनी घोडी माझ्या हातात आली. त्या मेंडोलिनला पुढे वर्षभर आल्याचा वास येत होता.

मग मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. दाजींनी घोडी तारांखाली नुसती उभी केली. तारा थोड्या ताणल्या.

‘अशपाक, एक सूर दे रे.’

अशपाकनं पट्टी दाबून धरली. दाजींनी तारेच्या बरोबर मध्यावर बोट टेकवलं, छेडलं. मग तिथेच दाबून छेडलं. ऐकलं. नखानं घोडी मागे सारली, दिसणार नाही एवढी. पुन्हा ऐकलं. डोळे मिटलेले. जाड तारांकडचं टोक थोडं मागे, आणखी थोडं. बारीक तारांकडचं तिथेच. मोजपट्टी नाही, खूण नाही. थांबले तेव्हा घोडी बरोबर जुन्या फिकट खुणेवर उभी होती. खरवडलेलं रोगण पुढे उघडं पडलं होतं, दीड सूत.

मला राहवलं नाही. मी पिशवीतून गुण्या काढून तिच्याजवळ नेला.

‘तिरकी आहे, दाजी.’

‘ते खाली ठेव,’ दाजी डोळे न उघडता म्हणाले.

त्यांनी वाजवलं. कसं वाजवलं ते मला सांगता येणार नाही. मी चौकटी करणारा माणूस. एवढंच सांगतो की खिडकीशी गेलेला गायक परत आला आणि खाली हॉटेलवाल्यानं स्टोव्ह मागायला पाठवलेला माणूस स्टोव्ह न नेता दारात उभा राहिला. पुढे अशपाकच अडतीस नंबर लावून मागे बासरी भरायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चाल संपली तसा मालकांनी टॉवेल झटकला.

‘अशपाक, ते सदतीस नंबर बंद कर. परत दाबू नगंस.’

‘जी.’

‘अडतीस ठेव. तू पण ऱ्हा. पण लेकांनो, सीटा दहाच हायत! डिंक्या, तुला टपावर चिकटवू का?’

पुन्हा हशा. या वेळी माझी जीभ सुटली.

‘मालक,’ मी म्हणालो, ‘अकरावी सीट मी करून देतो.’

दाजींची तार

‘मग मी सगळ्यांदेखत कबूल केलं. मीच म्हटलं, मीच! लोक हसले. हसू देत. पण हा दौलू? सगळी माडी हसत होती, हा एकटा हसला नाही.’

एवढा एक सूर दोन्ही तारांवर जुळतो.


बारीक जोडी

माझी तार

सीट म्हणजे तिवई. तीन पाय, वर गोल फळी, गाडीत दोन रांगांच्या मधे ठेवायची. सागाचा तुकडा दुकानात पडला होता. मी तो रंध्यानं असा साफ केला की त्यात चेहरा दिसावा. तिन्ही पाय एका लांबीचे, गुण्याला धरून. दुकानाच्या फरशीवर पाण्याची वाटी ठेवली तरी पाणी हललं नाही.

पहिल्या कार्यक्रमाला दाजी त्या तिवईवर बसून गेले. खिडकीची जागा त्यांनी अशपाकला दिली, त्याला गाडी लागायची. परत आले ते कंबर धरून.

‘काय झालं?’

‘काही नाही. तिवई फार सुरेख आहे. फक्त प्रत्येक वळणाला मी अशपाकच्या मांडीवर जात होतो.’

अशपाक मागून म्हणाला, ‘मामा जाताना बसले होते तिवईवर. येताना माझ्यावरच बसले.’

मी गाडीत जाऊन बघितलं. तिथला पत्रा चाकावर फुगलेला, एका बाजूनं उतरता. फरशी नव्हतीच ती. मी गुण्या ठेवायला गेलो, तर ठेवायला सरळ असं काही नव्हतं. म्हणून मी तिवईवर स्वतः बसलो. डोळे मिटले. कुठल्या कुल्ल्यावर भार येतोय ते बघितलं. उतरलो, करवतीनं एका पायाची चकती काढली. पुन्हा बसलो. दुसऱ्या पायाची. कानसेनं घासलं. पुन्हा बसलो. दाजी दारात उभे राहून बघत होते. मी पंधरा-वीस वेळा उठबस केली असेल.

शेवटी तिन्ही पाय तीन लांबीचे झाले. जमिनीवर ठेवली तर तिवई प्यायल्यासारखी दिसायची. गाडीत ठेवली की देवघरातल्या चौरंगासारखी बसायची. त्यावर दाजी आणखी अकरा वर्षं बसले. चौगुल्यांची चौदा दारंही मीच केली. ती आजही आवाज न करता लागतात, आणि मी त्या रस्त्यानं जात नाही.

माडीवर मीच होतो तो गाढव, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. मग दारं लागल्यावर सांगू म्हटलं. मग दाजींनी स्वतःच गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि ती इतकी रंगायला लागली की मधे बोलणं बरं दिसेना. मालक गेले तेव्हा मी खांदा दिला, आणि तेव्हाही ते तोंडावर आलं होतं.

दाजींची तार

यंदा दाजींना पंच्याहत्तर पूर्ण झाली. त्याच माडीवर कार्यक्रम होता. अशपाकचे केस आता पांढरे आहेत आणि बाजारात त्याचं वाद्यांचं दुकान आहे; माईक त्यानंच लावला. दाजी खुर्चीत, मांडीवर तेच मेंडोलिन. खुर्चीशेजारी तिवई, पेल्यासाठी ठेवलेली आणि एका बाजूला कललेली.

‘तर मीच म्हणालो याला,’ दाजींनी सुरू केलं. ‘दौलू, म्हटलं—’

मी उठून दाजींच्या माईकशी गेलो.

‘खोटं आहे,’ मी म्हणालो. माईकमध्ये ते फार मोठं वाजलं. ‘यांनी मला काही सांगितलं नव्हतं. तारांना हात लावू नकोस म्हणाले होते, तीनदा. घोडी मी चिकटवली, माझ्या डोक्यानं. मालक विचारत होते तेव्हा मी गप्प बसलो, दारांसाठी. यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. डिंक्या हे नाव माझं आहे.’

कुणी हसलं नाही. अशपाकनं माईकवरचा हात काढला. दाजींनी मेंडोलिन मांडीवर सरळ केलं. मग सगळ्यांकडे वळले.

‘बघा,’ ते म्हणाले. ‘माणूस म्हातारा झाला की कसा होतो बघा! छत्तीस वर्षं मी हे नाव कमावलं. आता याला पाहिजे!’

माडी हशानं कोसळली. लोक टाळ्या वाजवायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, ‘दौलूमामा, स्वतःचं काढा की नाव!’ मी सांगत होतो, खरंच, शपथेवर, आणि मी जेवढं सांगत होतो तेवढे ते हसत होते. शेवटी मी अक्काकडे वळलो. ती पहिल्या रांगेत पेढ्यांचा डबा मांडीवर धरून बसली होती.

‘अक्का, तू होतीस. सांग यांना.’

अक्कानं डब्याचं झाकण नीट लावलं.

‘मला काय माहीत?’ ती म्हणाली. ‘मी चहाचं बघत होते.’

आणि तिनं माझ्याकडे बघितलं. त्या रविवारी बघितलं होतं ते बघणं आज तिथे नव्हतं.

मी बसायला निघालो तर दाजींनी शर्टाची बाही धरली.

‘थांब. लोकांना काहीतरी ऐकवायला पाहिजे. माझ्या बोटांना आता घोडी कळत नाही. तू लाव.’

‘मी?’

‘तूच. गुण्या आणलायस?’

‘नाही.’

‘बरं केलंस.’

मी तिवईवरचा पेला काढून खाली ठेवला आणि तिच्यावर बसलो. एका बाजूला कललो. मेंडोलिनवर वाकलो. पोटावर खरवडलेल्या रोगणाची पांढरी खूण होती, पुढे, नक्षीच्या रेघेवर. अशपाकनं सूर दिला. मी मध्यावर बोट टेकवून छेडलं. दाबून छेडलं. घोडी नखानं मागे सारली.

‘अजून,’ दाजी डोळे मिटून म्हणाले.

मी सारली.

‘जाड तारांकडून. अजून. केसभर. थांब.’

पुन्हा छेडलं. जोडीतल्या दोन तारांच्या मधलं कापरं हळूहळू निवलं.

‘हलतेय ना?’ दाजींनी विचारलं.

मी अंगठा लावून पाहिला.

‘हलतेय.’

‘मग राहू दे तिथे,’ ते म्हणाले, आणि वाद्य माझ्या हातातून काढून घेतलं.